उलटं सारवण

१

घर पाहायला गेली की भूमेश्वरी बिसेन चपला दाराबाहेर काढायची. विकणाऱ्याला वाटायचं, बाई मोठी रीतीभातीची आहे. रीतभात गेली चुलीत. डोळे चुन्याला फसतात, तळपाय फसत नाहीत, एवढंच त्यात होतं. भिंतीला दोन हात मारून ओल झाकता येते, पण जमिनीतून वर येणारा गारवा कोणाच्या बापाला झाकता येत नाही. अनवाणी चार खोल्या फिरलं की घर आपोआप बोलतं. कुठे उंदरांनी पोखरलंय, कुठे नाली फुटलीय, कुठे खालून पाणी मुरतंय.

चौथी शिकलेली बाई. नवरा गेल्यावर मागच्या दोन खोल्या शिक्षकांना भाड्याने दिल्या, तिथून सुरुवात झाली. मग कोहमाऱ्यात पडकी, कवेलूच्या छपराची घरं घ्यायची, नीट करायची, एखादं विकायचं, एखादं भाड्याने लावायचं. हायवेचा फाटा. ढाब्यांचे आचारी, ट्रान्सपोर्टवाल्यांचे मुनीम, बदलीवर आलेले बँकवाले, सगळ्यांना खोली पाहिजेच. पाच घरं तिच्या हाताखालून गेली होती आणि एकातही तिला कोणी फसवलं नव्हतं. कोणी विचारलं तर ती सांगायची, विकणाऱ्यासोबत घर पाहू नका, त्याची जीभ चालते तोवर आपले कान बंद राहतात. छपराच्या लाकडी मयालीत खिळा टोचा, लोण्यासारखा गेला तर आत वाळवी आहे. भिंतीवर किल्ली ठोका, भद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. विजेचं बिल कोणाच्या नावाने येतं ते पाहा. आणि तलाठ्याच्या आधी शेजारणीला भेटा. कागद तीन पिढ्या खोटं बोलू शकतो, शेजारणीला दुपारच्या चहापर्यंतही ते जमत नाही.

या सहाव्या घराच्या वेळी ती शेजारणीला भेटली नाही. घाई होती, आणि घाई रागातून आलेली होती.

राग पोरावर. तिची लेक टीना सहा महिन्यांपूर्वी बालाघाटचं सासर सोडून एक शिलाई मशीन आणि एक पेटी घेऊन परत आली होती. नवऱ्याने हात उचलला. पोरीने दुसऱ्यांदा उचलायची वाट पाहिली नाही. भूमेश्वरीला त्याचा अभिमानच वाटला. पण दुर्गेशने, सख्ख्या भावाने, भरल्या ताटावर विचारलं, "हे आणखी किती दिवस राहणार हाये?" टीनाने हातातला घास ताटात परत ठेवला. तो घास भूमेश्वरीच्या डोळ्यांसमोरून हलेना. घर दुर्गेशच्या नावावर होतं. बाप गेल्यावर तिनेच सही करून दिलं होतं, कोणी मागितलंही नव्हतं तेव्हा. त्या रात्री तिने ठरवलं, पोरीच्या नावाने घर घ्यायचं. ऊठ म्हणायची कोणाची छाती होणार नाही असं.

विकणारा मुन्नालाल, गोंदियातला धानाचा व्यापारी. घर तिच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत. पुढे ओसरीसारखी सपरी, मग एकामागे एक तीन खोल्या सिमेंटच्या, आणि सगळ्यात मागची चौथी जुनी, मातीची. तिला हातभर खिडकी, दुसरं दार नाही. तीन वर्षांपासून कुलूप. भूमेश्वरी चावी घेऊन एकटीच गेली. तीन खोल्यांत धूळ अशी की तळपाय काळे झाले. चौथीत पाय टाकला आणि ती थांबली. जमीन गुळगुळीत, गार, सारवलेली. ओली नव्हती, पण शेणाचा वास अजून गेला नव्हता.

गिऱ्हाइकाला दाखवायला मुन्नालालने बाई लावली असेल. मग पुढच्या खोल्या झाडायला काय त्याच्या बापाचं जात होतं? परत निघताना तिला धुळीत फक्त स्वतःच्या पायांचे ठसे दिसले. आत येताना उमटलेले, आणखी कोणाचे नाहीत. तिने ते नीट पाहिले. पाहून मनाच्या मागे ढकलले, कारण छप्पर धड होतं, विहिरीला पाणी होतं, आणि टीनाचा घास अजून ताटातच पडलेला होता.

२

रजिस्ट्री टीनाच्या नावाने झाली. त्या दिवशी दुर्गेश घरात कोणाशी बोलला नाही, भांड्यांशी बोलला. मग बोललाच.

"तिले घर भेटलं. मले काय भेटलं व माय?"

"ज्या स्लॅबखाली उभा राहून विचारून राहिला, तो भेटला."

त्याची बायको डिंपल आतल्या दारात उभी राहून फोनकडे पाहत होती. मध्ये पडायची तिची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. बकाराम मिस्त्री सालेकशाकडचा, साठीचा गोंड माणूस. भूमेश्वरीची पाचही घरं त्याच्या हातची. दिवसभरात दहा शब्द बोलायचा, त्यातले चार विडीसाठी. त्या सकाळी तो घमेलं घेऊन आत गेला आणि तसाच बाहेर आला.

"बाई, तुमी पहाटेच येऊन गेल्या का जी?"

"काऊन?"

"मागची खोली सारवली हाये. ओली हाये."

"मले दुसरा धंदा नाही का?"

ती आत गेली. जमीन हिरवट ओली, चकाकत होती. दाराला कुलूप होतं, ते तिनेच आता उघडलं होतं. खिडकीतून मांजर आलं असतं, बाई नाही.

घर घेणाऱ्याने दोन गोष्टींना भ्यावं, वाळवीला आणि वहिवाटीला. कोणीतरी रोज यायचं, झाडायचं, सारवायचं, तुळशीला पाणी घालायचं, आणि वर्षाने चार साक्षीदार उभे करून म्हणायचं, आमचा राबता आहे इथे. असले खेळ भूमेश्वरीने पाहिले होते. कोणीतरी मुन्नालालचा चुलता, भाऊ, कोणीतरी दुसरी चावी ठेवून बसला होता. तिचं डोकं तापलं. डोकं तापलं की तिला बरं वाटायचं. रागात माणसाला काय करायचं ते कळतं.

तिने नवं कुलूप आणलं. खिडकीला गज बसवून घेतले. बकारामला छपरावर चढवून एकेक कवेलू हलवून पाहायला लावला. संध्याकाळी चावी पदराला बांधून घरी गेली.

सकाळी जमीन ओली होती.

तिने तिथेच उभं राहून मुन्नालालला फोन लावला. "मुन्नाभाऊ, तुमच्या घरातलं कोण येऊन राहिलं इथं? सरळ सांगा, नाहीतर पोलीस घेऊन दुकानात येईन, गिऱ्हाइकांसमोर."

पलीकडून वजनकाट्याचा आवाज, कोणाला तरी ओरडणं, मग हसणं. "अरे बाई, कोई फुकट में सारवून देऊन राहिलं, तर देऊ द्या ना. आजकल मजूर मिलते कहां."

"तुमाले ठाऊक होतं."

हसणं थांबलं. "घर बेच दिया, बाई. अब तुमचं हाये."

३

तिने बकारामला बाहेर विडी ओढायला पाठवलं आणि उंबऱ्याशी उकिडवी बसली.

सात वर्षांची असल्यापासून ती सारवत आली होती. आधी माहेरचं घर, मग सासरचं, ते घर स्लॅबचं होईपर्यंत. कोणाच्या हाताचं सारवण आहे हे तिला लांबून कळायचं. हाताचा अर्धगोल किती मोठा, बोटं कुठे उमटली, पातळ केलं की घट्ट. प्रत्येक बाईची सही असते ती. ही सही चांगली होती. अर्धगोल एकसारखे, दाट, घाई नाही. ही बाई कामाची होती.

मग तिला ते दिसलं.

सारवण भिंतीपासून सुरू करतात. कोपऱ्यात बसायचं, हात फिरवायचा, एक पाऊल मागे सरकायचं, पुन्हा हात फिरवायचा, आधीच्या गोलावर नव्या गोलाची कड चढवायची. असं मागे मागे सरकत दारापर्यंत यायचं आणि शेवटचा हात उंबऱ्यावर मारून बाहेर पडायचं. लहान पोरीलाही हे कळतं. स्वतः सारवलेल्यावर पाय पडू नये म्हणून.

इथे कडा उलट्या चढल्या होत्या. पहिला हात उंबऱ्याशी होता. तिथून सुरू करून बाई मागे सरकत सरकत आत गेली होती, दाराकडे तोंड करून, समोरच्या कोपऱ्याकडे पाठ करून. शेवटचा अर्धगोल कोपऱ्यात होता. आणि त्या गोलाच्या मागे, भिंतीला लागून, दोन कोरड्या जागा होत्या. तळपायांच्या आकाराच्या. बोटं दाराकडे.

बाहेर येणारा एकही ठसा नव्हता.

भूमेश्वरीने स्वतःला दम भरला. एक तर वरून दोर सोडला असेल. एक तर फळी टाकली असेल, फळीवरून चालत बाहेर आली असेल. घर लाटायला माणसं काय काय करतात. तिच्या एका भाडेकरणीने खोली सोडायची नाही म्हणून महिनाभर देवी आणली होती अंगात. ती भिंतीला धरून कडेकडेने कोपऱ्यापर्यंत गेली, ओल्यातून, मुद्दाम, रुबाबात. त्या दोन कोरड्या जागांवर स्वतःचा पाय धरून पाहिला. तिचा पाय मोठा निघाला. भिंत हाताने चाचपली. भिंत भिंतच होती.

परत वळली तेव्हा तिच्या पावलांचे ठसे जमिनीवर होते, एक रांग आत येणारी. इतकी साधी गोष्ट, पण ती रांग पाहून ती जरा जोरातच बाहेर आली.

बकाराम औजारं पोत्यात भरत होता.

"का गा, कोठी निघाला?"

"कचारगडच्या जत्रेले जाऊन राहिलो जी."

"जत्रा परवा हाये."

"गर्दी होते," बकाराम म्हणाला, आणि गेला.

४

शेजारची अनुसयाबाई म्हशीच्या गोठ्यात गोवऱ्या थापत होती. भूमेश्वरीला पाहून तिने हात थांबवला नाही.

"ये भूमाबाई. आता आली होय. घर घेतल्यावर."

"त्या मागच्या खोलीत कोण येऊन राहिलं?"

"कोणी नाही येत."

"रोज सारवलेली राहते."

"हो, राहते." गोवरी भिंतीवर थपकन बसली. "मी तिकडं पाहत नाही. तूबी नको पाहू."

"आधी कोण राहत होतं?"

"एक मास्तर आणि त्याची बायको. चार महिने. बाई लगित आळशी. पुढच्या खोलीत उष्टे भांडे तसेच, पण हासून सांगे, मागची खोली म्हणे काही न करता चकचक राहते, माह्या माहेरूनच कोणी येत असंल."

"मग गेले काऊन?"

"मास्तरची बदली झाली."

"दोघंबी गेले?"

अनुसयाबाईने हातातला गोळा पाटीत परत ठेवला. "टेम्पोत सामान गेलं. मास्तर ड्रायव्हरजवळ बसला. पुसलं तं म्हणे, बायको आधीच माहेरी गेली."

"तू पाहिली तिले जाताना?"

"माह्या दारासमोरून रस्ता हाये. कोंबडी गेली तरी मले दिसते."

 भूमेश्वरीचा आवाज चढला. "हे मले आधी काऊन नाही सांगितलं?"

"तू पुसलं नाही," अनुसयाबाई म्हणाली. "साऱ्या गावाले शिकवत फिरतेस, शेजारणीले पुसा म्हणून. मी सपरीत बसून तुह्या येण्याची वाट पाहिली दोन दिवस. तू डोक्यात जाळ घेऊन समोरून गेली, मान वळवली नाही."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे भूमेश्वरीला अनुसयाबाईचा जास्तच राग आला.

५

जत्रेहून आल्यावर बकारामला तिने घरून उचलून आणला. बायकापोरांसमोर इतकं बोलली की तो बिचारा जेवता जेवता उठला. मागची जमीन दोन फूट खोदायची, मुरूम भरायचा, वर काँक्रीट, वर टाइल्स. जुन्या मातीच्या जमिनीवर नुसती टाइल कधी बसवू नका, पहिल्याच पावसात फुगून वर येते. हेही ती सगळ्यांना सांगायची.

खोदताना ती समोर उभी राहिली. काहीतरी निघेल म्हणून. हाड, बांगडी, लिंबू, काहीही, की ज्याला शिव्या घालता येतील. काही निघालं नाही. नुसती माती आणि खाली नुसती माती.

टाइल्स पांढऱ्या बसल्या. पहिला दिवस स्वच्छ गेला, दुसरा गेला, तिसराही. तिसऱ्या दिवशी तिने टीनाला घर दाखवायला आणलं. पोरगी सहा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने बोलत होती. इथे पडदा, इथे गॅस, इथे ब्लाऊजचे कपडे टांगायला दोरी. चपला काढून चारही खोल्यांत फिरली, मायसारखीच.

"माय, मशीन मी मागच्या खोलीत ठेवते. तेथी गार हाये."

"नाही."

"काऊन?"

"उजेड नाही तेथी. सपरीत ठेव. गिऱ्हाईक रस्त्यावरून दिसायले पायजे." धंद्याच्या दृष्टीने हे बरोबरच होतं, म्हणून टीनाने मान डोलावली. तोवर ती मागच्या खोलीच्या मधोमध उभी होती, अनवाणी, गार टाइलवर पायाची बोटं हलवत.

चौथ्या दिवशी पांढऱ्या टाइल्सवर शेणाचं सारवण होतं. दारापासून कोपऱ्यापर्यंत. ओलं.

भूमेश्वरीने पाहिलं ते दारातूनच. आत पाय ठेवायची गरजच पडली नाही. कोपऱ्यातल्या दोन कोरड्या जागा पांढऱ्या टाइलमुळे आता स्वच्छ दिसत होत्या. पण त्या आधीच्या नव्हत्या. लहान होत्या. आणि डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

टीना जन्मली तेव्हा सुईण म्हणाली होती, तेल लावून रोज ओढत जा, सरळ होईल. भूमेश्वरीने वर्षभर ओढली होती ती करंगळी. सरळ झाली नाही.

आता तिला कळलं, सारवणारी ती जागा चुकून सोडत नव्हती. राखून ठेवत होती, मास्तरच्या बायकोसाठी ठेवली असेल तशीच. तिच्या लेकीने अजून एक रात्रही तिथे काढली नव्हती, आणि कोपरा मापून तयार होता.

६

ती घरी आली तर टीनाची शिलाई मशीन अंगणात होती. उन्हात. दुर्गेश हात झटकत होता.

"घर तयार झालं ना? मग कायले इथं? शनिवारी दुपारी टेम्पो सांगितला हाये. भाडं मी देतो, बस."

टीना पेटीवर बसली होती. रडत नव्हती. मशीनच्या चाकावरची धूळ ओढणीने पुसत होती.

भूमेश्वरीने पोराकडे पाहिलं. याला नऊ महिने पोटात वाढवलं, याच्या तापात रात्री बसून काढल्या, याच्या नावावर घर करून दिलं. त्याला खरं सांगावं, घरात राहण्यासारखं नाही, चार दिवस थांब? तो हसला असता, आणि टीनाने ते हसणं ऐकलं असतं.

"शनिवारी जाईल," ती म्हणाली.

बकाराम म्हणत होता, मागच्या खोलीचं दार विटा लावून बुजवून टाकू जी. एरवी तिनेही तेच केलं असतं. पण घरात एक बंद खोली ठेवणं म्हणजे त्या खोलीतल्याला कायमचं घर लिहून देणं. भिंतीच्या अलीकडे पोरगी मशीन चालवणार आणि पलीकडे कोणीतरी हात फिरवत बसणार. आज चौथी खोली, उद्या तिसरी. दुसऱ्याचा पाय जमिनीवरून काढायचा तर तो समोरासमोर काढावा लागतो. एवढी वर्षं तिने दुसरं केलंच काय होतं?

७

शनिवारी दुपारी बारा वाजता ती अनुसयाबाईच्या गोठ्यातून बादलीभर शेण घेऊन आली. अनुसयाबाईने विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "मागं वळून नको पाहू."

भूमेश्वरीने आधी पाइप लावून टाइल्स धुतल्या. पाणी काढलं. फडक्याने कोरडं केलं. मग नऊवारी खोचली आणि बादली घेऊन सरळ समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसली, भिंतीकडे तोंड करून, दाराकडे पाठ. पहिला हात तिने तिथेच मारला, जिथे ते दोन पाय राखले होते. दाबून मारला. अर्धगोल, मागे एक पाऊल. अर्धगोल, मागे एक पाऊल. तिचा हात विसरला नव्हता. पांढऱ्या टाइलवर शेण घसरत होतं, मूर्खपणा दिसत होता तो. खिडकीतून हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न येत होते.

ती बोलत होती. भाडेकरणीशी बोलावं तशी. "घर विकत घेतलं हाये. कागद हाये माह्याजवळ. तुह्याजवळ काय हाये? दाखव."

तिसऱ्या ओळीवर तिला दुसरा हात ऐकू आला.

तिचा हात थांबल्यावरही तो चालू होता. तळव्याचा जमिनीवरून फिरण्याचा आवाज, सर्रर, मग थोडं थांबून पाऊल सरकल्याचा, मग पुन्हा सर्रर. आवाज दारातून येत होता. घाई नव्हती त्यात. तिने मनाला सांगितलं, भिंतीवरून आपलाच आवाज परत येतोय, मोकळ्या खोलीत येतो. मग तिने मुद्दाम हात वर धरला आणि मोजले. सात हात फिरले तिच्या मागे.

ती वळली नाही. वळली असती तर राग गेला असता, आणि रागाशिवाय तिच्याकडे या खोलीत दुसरं काही नव्हतं. ती सारवत राहिली. मागे मागे. ती दाराकडे, आणि दारातली तिच्याकडे. दोन बायका एका जमिनीवर, पाठीला पाठ करून, जवळ येत होत्या.

खोलीच्या मध्यावर पाठीला पाठ लागली.

गार नव्हती. तेच वाईट होतं. कामाने तापलेली, घामेजलेली बाईची पाठ होती, श्वासाबरोबर वरखाली होणारी. दमलेली.

"सरक," भूमेश्वरी म्हणाली.

मागचा हात थांबला. पाठ हलली नाही. उलट तिच्यावर भार यायला लागला, हळूहळू, एखादी थकलेली बाई रेलावी तसा. भूमेश्वरीचे पाय टाइलवरून घसरले, बोटभर, मग आणखी बोटभर, कोपऱ्याच्या दिशेने. समोर तिचंच ओलं सारवण होतं. कोपऱ्यात काहीच राखलेलं नव्हतं आता, तरी ती तिकडेच ढकलली जात होती.

भाडेकरू काढायची तिची एक रीत होती. नुसतं निघ म्हटलं की माणूस खांबाला मिठी मारतो. जा म्हणू नये. तिकडे जा म्हणावं. पुढची जागा दाखवली की तो स्वतःच गाठोडं बांधतो. तोंड तिचं होतं, रीत तिची होती, आणि सहा महिन्यांचा जाळ छातीत भरलेला होता. ती काय बोलते आहे हे तिला बोलून झाल्यावरच कळलं असतं, आणि तेवढा वेळ तिने घेतला नाही.

"कोपराच पायजे ना तुले?" ती दातांतून म्हणाली. "इथून तिसरी गल्ली. निळं गेट. दुर्गेश बिसेनचं घर. बैठक मोठी हाये, नवीन टाइल्स हायेत. बहिणीपुरती जागा नाही त्यात. तू मावतेस का पाह्य."

भार उतरला.

मागे काहीतरी उभं राहिलं, गुडघे कटकट वाजवत, म्हातारपणी वाजतात तसे. मग ओल्यावरून चालण्याचा आवाज. पच. पच. दारापर्यंत, दाराबाहेर, पुढच्या खोलीत, आणखी पुढे.

बऱ्याच वेळाने तिने मान वळवली. ओल्या सारवणावर पायांचे ठसे होते, बाहेर जाणारे. तिन्ही खोल्यांतून हिरवट पावलं सपरीपर्यंत गेली होती. अंगणातल्या मातीत एकही नव्हतं. भूमेश्वरी उंबऱ्यावर टेकली. तिला हसू येत होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा छाती रिकामी वाटत होती. काढलं. कोणाला जमलं नसतं ते तिने केलं होतं.

८

टेम्पो तीन वाजता आला. टीना मशीनसोबत मागेच बसून आली होती, केसांत धूळ, तोंड फुललेलं.

"माय, हे पाय कोणाचे?"

"मिस्त्रीच्या बाईचे. पुसून टाक."

टीनाने फडकं मारलं. डाग लगेच निघाले. मागच्या खोलीत डोकावली, नाक मुरडलं. "टाइल्सवर कोण सारवते व?"

"वास्तूले एकदा सारवा लागते. उद्या धुऊन टाकू."

मशीन सपरीत लागली. पेटी मधल्या खोलीत गेली. टीनाने पहिल्यांदा गॅस पेटवला आणि आपल्या घरात आपला चहा टाकला. भूमेश्वरी भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून. अंगातली सगळी हाडं दुखत होती. कुकरच्या शिट्टीसारखं काहीतरी आतून निघून गेलं होतं आणि आता नुसती वाफ होती. आतून साखरेचा डबा उघडल्याचा आवाज आला. किती चांगला आवाज असतो तो, तिला वाटलं.

फोन वाजला. डिंपल होती. ती कधी फोन करायची नाही.

"मम्मीजी, तुमी घरी येऊन गेल्या का?"

"नाही. काऊन?"

"मग बैठकीत शेण कोणं सारवलं? साऱ्या टाइल्सवर. मी वर कपडे वाळू घालून राहिली होती, खाली येते तं दारापासून ओलं. आत पाय कसा टाकू?"

भूमेश्वरी सरळ बसली. पाठीला, नेमकी तिथे जिथे ती पाठ टेकली होती, गार हवा लागली. तिने काय म्हटलं होतं ते तिला शब्दाशब्दाने आठवलं. गल्ली. गेट. नाव.

"दुर्गेश कोठी हाये?"

"इथंच तं होते. पंखा लावून सोफ्यावर. गाडी उभी हाये, चप्पल दारात हाये. फोन लावला तं आतच वाजून राहिला." डिंपलचा आवाज बारीक झाला. "बाहेर गेले असते तं पाय उमटले असते ना."

"डिंपल, ऐक. दारातूनच पाह्य. आत नको जाऊ. पलीकडच्या कोपऱ्यात पाह्य. दोन पायांची कोरडी जागा सुटली हाये का?"

"कोठी?"

"कोपऱ्यात. भिंतीजवळ. दोन पायांपुरती. बाई, नीट पाह्य, सुटली असंल." राखलेली जागा रिकामी असली, तर माणूस अजून तिथे गेलेलं नव्हतं.

टीना दोन कप घेऊन दारात उभी होती. मायचं तोंड पाहून तिने कप तसेच हातात धरले. फोनमध्ये पंखा फिरत होता, त्याच्या खाली कुठेतरी दुर्गेशच्या मोबाइलचं गाणं वाजत होतं, आणि डिंपल वाकून पाहत होती.

"नाही मम्मीजी," ती म्हणाली. "बोटभरबी नाही सुटली. भिंतीपर्यंत सारवलं हाये."